आमची वाटचाल: स्कॅनडिस्कपासून एसएसडीपर्यंत

चिपळूणमध्ये आम्ही घरगुती कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलं ते विंडोज ९८ च्या काळात. तेव्हा लाइट गेली की कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडायचा आणि पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क ही डिस्क तपासणारी सोय धावायची. फॅट ३२ या तेव्हाच्या फायली मांडण्याच्या पद्धतीत अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायची सोयच नव्हती, त्यामुळे कोणत्याच फाइलशी न जुळणारे तुकडे ‘.सीएचके’ नावाच्या फायलींत जमा होत. भारनियमनात हे रोजचं होतं. उपाय मात्र साधा: ६०० व्हीएचा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, आणि ती बॅटरी दोन-तीन वर्षांनी न चुकता बदलायची. आजही ज्या घरात डेस्कटॉप आहे तिथे आम्ही हाच आग्रह धरतो.

विंडोज एक्सपी घरोघरी आलं आणि त्यासोबत एनटीएफएस ही फायली मांडण्याची वेगळी पद्धत. ही प्रणाली बदलाची नोंद आधी लिहून ठेवते, त्यामुळे लाइट गेली तरी फायलींची रचना सहसा सावरली जाते. (उघड्या फाइलमधला न साठवलेला मजकूर जातोच, त्याला इलाज नाही.) इथून आमची तपासणीची दिशा बदलली. एनटीएफएसवर पुन्हा पुन्हा एरर येत असेल तर दोष विंडोजपेक्षा डिस्क, केबल किंवा एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) असण्याची शक्यता अधिक. नुसता फॉरमॅट मारून मशीन परत देणं म्हणजे दुखणं झाकणं.

डिस्कची प्रकृती डिस्कच सांगते. स्मार्ट नावाची नोंद प्रत्येक डिस्क स्वतःच ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. चार ओळी आधी बघाव्यात. ०५ म्हणजे बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (डेटा साठवणारे डिस्कचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयासाठी थांबलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीतही न वाचता आलेले. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेला डेटा. इथे बहुतेक वेळा दोषी असते ती साटा केबल. केबल बदलली तरी सी७ चा आकडा उतरत नाही, म्हणून तो लिहून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा बघावा. वाढला नसेल तर या दोषापुरती डिस्क निर्दोष. सी५ चं गणित वेगळं आहे. लिहिताना वीज गेली तर चांगला सेक्टरही वाचता येईनासा होतो. त्यावर पुन्हा लिहिलं की तो सुधारतो आणि सी५ खाली येतो. पृष्ठभागच खराब असेल तर सेक्टर हलवला जातो आणि ०५ वाढतो. आमचं ठाम मत असं, की ०५ वाढत जाणाऱ्या डिस्कवर घरचे फोटो ठेवू नयेत.

चेकडिस्कबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणीच्या आज्ञेबद्दल, सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’ फायलींची रचना दुरुस्त करते, ‘/आर’ त्याशिवाय पूर्ण डिस्क वाचून खराब सेक्टर शोधते. दोन्हीही डेटा वाचवण्याची साधनं नाहीत. मास्टर फाइल टेबलचा (सर्व फायलींच्या यादीचा) काही भाग वाचता येत नसेल तर चेकडिस्क त्या नोंदी काढून टाकू शकते, आणि फोल्डरच्या फोल्डर नाहीसे होऊन ‘फाउंड.०००’ मध्ये नाव नसलेले तुकडे उरतात. ‘/आर’ मध्ये अशक्त हेडला (डेटा वाचणाऱ्या टोकाला) तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लागतो. म्हणून सी५ शून्य नसेल तर आम्ही चेकडिस्क लावत नाही. आधी डेटाची प्रत.

ती प्रत लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून, डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग नवी, शेवटी मॅप फाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद). हा क्रम उलटला तर कोरी डिस्क जुन्यावर लिहिली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार आणि सीरियल नंबर जुळवायचे. पहिली फेरी ‘-एन’ लावून: सहज मिळेल ते आधी घ्यायचं. दुसरी ‘-डी -आर३’ लावून, अडलेल्या जागांसाठी. मॅप फाइल तिसऱ्या जागी, साध्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. मध्येच वीज गेली तर काम तिथूनच पुढे सुरू होतं. चेकडिस्क चालवायची ती या प्रतीवर. डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर ही प्रतही घ्यायची नाही. वीज लगेच काढायची.

स्मार्ट स्वच्छ असेल तर काम सोपं. बॅकअप घ्यावा, चेकडिस्कच्या ‘/स्कॅन’ ने चालू विंडोजमध्येच बघावं (विंडोज ८ पासून चालतं), दोष निघाला तर ‘/एफ’, वाय दाबून रीस्टार्ट. शटडाउन नव्हे: फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी विंडोज पूर्ण बंद न करण्याची सोय) चालू असेल तर नुसत्या शटडाउनने तपासणी होत नाही. निकाल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ॲप्लिकेशन नोंदीत, विनइनिट १००१ खाली सापडतो. सिस्टीम नोंदीत ‘डिस्क’ नावाने ७ क्रमांक दिसला तर खराब सेक्टर, ‘एनटीएफएस’ नावाने ५५ दिसला तर बिघडलेली रचना. ‘/आर’ चालू असताना टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते, तेव्हा स्विच काढू नये. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीची निरोगी डिस्क वाचायलाही पावणेतीन तास लागतात.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्या कामात बुडालेल्या डिस्कची भर पडली. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यातून गाळाचं पाणी आत जातं. अशी डिस्क सुरू करू नये, उन्हात किंवा तांदळात सुकवू नये. चिखल प्लॅटरवर (डेटा असलेल्या चकतीवर) वाळला की साफ करणं फार अवघड. ओली असतानाच घट्ट पिशवीत बंद करून स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवावी. तसंच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड नुसता बदलून बसवून हल्ली भागत नाही; मूळ बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं असतात, ती चिपही हलवावी लागते.

आता बहुतेक मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क असते. ती आवाज करत नाही, पूर्वसूचना न देता बायोसमधून गायब होऊ शकते, आणि ट्रिममुळे (पुसलेली जागा रिकामी करणाऱ्या सोयीमुळे) पुसलेल्या फायली सहसा परत मिळत नाहीत. त्यामुळे बॅकअपची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी आणखी एक तपासा: विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की एन्क्रिप्शन (डेटाला लागणारं कुलूप) आपोआप सुरू होतं. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती खात्यात लॉगइन करून उतरवून घ्या आणि कागदावर लिहून घरी ठेवा. आमच्याकडे देऊ नका, लागली तर तुम्हीच येऊन टाका.