एका चौकटीची तीन नावं

निरोप एका ओळीचा होता: ‘टेम्प्लेटमधल्या चौकटींची नावं बदलून दे ना, कुठे काय लिहायचं ते लोकांना कळतच नाही.’ पाठवणारी आमची डिझायनर. टेम्प्लेट पॉवरपॉइंटचं, त्यात 34 लेआउट, म्हणजे स्लाइडचे तयार आराखडे, आणि प्रत्येकात पाच-सहा प्लेसहोल्डर, म्हणजे मजकूर किंवा फोटो भरायच्या चौकटी. हाताने करत बसलो असतो तर दिवस गेला असता. म्हटलं, पायथनमध्ये दहा ओळी लिहू, चहाच्या आत काम संपवू.

ऑल्ट आणि एफ10 दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंच्या नावांची यादी, उघडली, तेव्हा तिची तक्रार पटलीच. ‘टेक्स्ट प्लेसहोल्डर 7’, ‘टेक्स्ट प्लेसहोल्डर 12’, ‘पिक्चर प्लेसहोल्डर 9’. मध्येच एक ‘इनहाल्ट्सप्लात्झहाल्टर 4’, म्हणजे ती फाइल कधीतरी कुणाच्या तरी जर्मन पॉवरपॉइंटमधून फिरून आली होती. यातली उपशीर्षकाची चौकट कोणती आणि तळटिपेची कोणती, हे सांगायला ज्योतिषीच हवा.

खरी मेहनत कोडची नव्हती, जुन्या-नव्या नावांच्या तक्त्याची होती. प्रत्येक प्लेसहोल्डरला एक आयडीएक्स, म्हणजे ओळख-आकडा, असतो. स्लाइडवरची चौकट लेआउटमधल्या आपल्या मूळ चौकटीशी त्या आकड्याने बांधलेली असते. म्हणून मी प्रत्येक लेआउटची एकेक स्लाइड तयार केली आणि प्रत्येक मजकुराच्या चौकटीत तिचाच आयडीएक्स छापायचा ठरवला, म्हणजे कोणता आकडा कुठे बसतो ते डोळ्यांनी दिसेल. पहिल्याच फेरीत कीएरर, म्हणजे ‘या आकड्याचं काही सापडलं नाही’ अशी पायथनची तक्रार. पायथन-पीपीटीएक्स या पॉवरपॉइंट फाइल हाताळणाऱ्या लायब्ररीत स्लाइडच्या प्लेसहोल्डर्सपुढे चौकोनी कंसात लिहिलेला आकडा क्रमांक नसतो, आयडीएक्स असतो. शीर्षकाचा 0, पण नंतर कुणी हाताने घातलेल्या चौकटींचे 13, 14, 21 असे कुठलेही, मध्ये खड्डे. लेआउटच्या प्लेसहोल्डर्समध्ये मात्र तोच कंस साधा क्रम मोजतो. दिसायला सारखं, वागायला वेगळं. हे कळेपर्यंत चहा थंड झाला होता.

तक्ता झाल्यावर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारं कोड, सरळ होती: लेआउट घ्या, चौकट घ्या, आयडीएक्सवरून नवं नाव शोधा, चौकटीच्या ‘नेम’ या गुणधर्मात घाला. सिलेक्शन पेनमध्ये ‘उपशीर्षक’, ‘मुख्य आकडा’, ‘तळटीप’ अशी नावं झळकली. मी ऐटीत फाइल पाठवली.

पाच मिनिटांत उत्तर: ‘काहीच बदललं नाही.’

मी स्क्रीनशॉट पाठवला. तिनेही पाठवला. तिच्या चित्रात सिलेक्शन पेन नव्हतीच. रिकाम्या स्लाइडवरच्या चौकटीत दिसणाऱ्या राखाडी अक्षरांवर, ‘क्लिक टू ॲड टेक्स्ट’वर, तिने लाल गोल काढला होता. ती ज्याला नाव म्हणत होती ते हे. आणि बरोबरच होतं तिचं. स्लाइड भरणारा माणूस सिलेक्शन पेन कशाला उघडेल?

आता लेआउटमधल्या चौकटींचा मजकूर बदलला. लेआउटमध्ये ‘इथे तिमाहीचा मुख्य आकडा लिहा’ छान दिसलं. नवी स्लाइड घेतली, तर पुन्हा ‘क्लिक टू ॲड टेक्स्ट’. इथे मी तासभर अडकलो. शेवटी एका चौकटीचा मजकूर पॉवरपॉइंटमध्येच हाताने बदलून फाइल वेगळी साठवली, दोन्ही फाइल झिपसारख्या उघडल्या (पीपीटीएक्स म्हणजे आतून झिपच) आणि त्या लेआउटची एक्सएमएल, म्हणजे त्याचं वर्णन असलेली मजकुराची फाइल, शेजारी शेजारी ठेवून वाचली. फरक एका गुणधर्माचा होता: प्लेसहोल्डरच्या टॅगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, ‘हॅजकस्टमप्रॉम्प्ट’ची किंमत 1. तो नसेल, तर लेआउटमध्ये काहीही लिहा, स्लाइडवर पॉवरपॉइंट आपलं ठरलेलंच वाक्य दाखवतं. लायब्ररीत त्यासाठी तयार सोय सापडली नाही, तेव्हा थेट एक्सएमएलमध्ये तो गुणधर्म घातला. राखाडी अक्षरं बदलली.

सगळीकडे नाही, अर्थात. आठ लेआउट जसेच्या तसे. टेम्प्लेटमध्ये गडद पार्श्वभूमीचा दुसरा स्लाइड मास्टर (ज्याच्याखाली लेआउटचा एक गट असतो) होता आणि प्रेझेंटेशनकडे थेट लेआउट मागितले की फक्त पहिल्या मास्टरचे मिळतात. बाहेर मास्टरांची आणखी एक लूप घातल्यावर ते आठही वळणावर आले. ही चूक निव्वळ माझी. ‘34 लेआउट’ हा आकडा मीच मोजला होता, आणि कोड 26 वर थांबतोय हे छापून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता इतकी सुंदर नावं आहेतच तर मासिक अहवालाची स्क्रिप्टही त्यांवर चालवू. स्लाइड तयार केली, ‘मुख्य आकडा’ नावाची चौकट शोधली, आणि ती नाहीच! स्लाइडवर पुन्हा ‘टेक्स्ट प्लेसहोल्डर 2’. नवी स्लाइड बनवताना ही लायब्ररी लेआउटमधलं नाव उचलत नाही, प्रकारावरून स्वतःच नाव पाडते. तेवढा आयडीएक्स शाबूत राहतो. मग लेआउटमध्ये नावावरून आयडीएक्स शोधायचा आणि स्लाइडवर त्या आयडीएक्सची चौकट भरायची, असा वळसा घातला. आदल्या दिवशी जुन्या चौकटी उडवून नव्या काढाव्यात असाही मोह झाला होता. तसं केलं असतं तर आयडीएक्स बदलले असते आणि आधीच्या प्रेझेंटेशनमधल्या भरलेल्या चौकटी नव्या टेम्प्लेटवर नेताना पोरक्या झाल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा निरोप: ‘फोटोच्या चौकटीचं नाव बदलायचंय, छोटंसं काम आहे.’

मी विचारलं, ‘राखाडी अक्षरांतलं ना?’

‘मग आणखी कुठलं असतं?’