तीस सेकंद न हललेलं कबुतर

मी बर्मिंगहॅमला राहतो, जुन्या इमारतींचे फोटो काढणं हे माझं रोजचं काम. चर्च, गोदामं, कालव्यांवरचे पूल खूप केलेत पण मे महिन्यात वॉरिकशायरमधल्या किनवॉर्टनच्या कबुतरखान्यात जो दिवस गेला तसा दुसरा नाही. कबुतरखाना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दादर येतं, दाणे आणि फडफड. हे वेगळंच आहे. १४व्या शतकातली गोल दगडी इमारत, इव्हशॅमच्या मठाची होती, आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दार इतकं ठेंगणं की आधी कॅमेऱ्याची बॅग आत सरकवली, मग मी वाकून गेलो.

आत दोन मिनिटं काहीच दिसेना. डोळे सरावले आणि बघतो तर गोल भिंतभर नुसते कोनाडे, एकावर एक ओळी, पाचशेच्या वर. भिंत मीटरभरापेक्षा जाड म्हणूनच तेवढी पोकळी काढता आली. आणि मधोमध उभा लाकडी खांब, त्याला पोटेन्स म्हणतात. खांब जागच्या जागी फिरतो, त्याला आडवे हात आणि हातांना भिंतीलगत शिडी. माणूस एकदा शिडीवर चढला की खाली न उतरता गोल फिरत सगळ्या कोनाड्यांत हात घालू शकायचा. पिल्लं चारेक आठवड्यांची झाली, अंग भरलंय पण पंखात जोर नाही, तेव्हाच काढायची, मठाच्या जेवणासाठी. विष्ठा खताला. कबुतरं चरायची मात्र आसपासच्या शेतकऱ्यांच्या पिकात, आणि त्यांना असा कबुतरखाना बांधायची मुभा नव्हती, तो हक्क जमीनदारांचा आणि मठांचा. एवढी देखणी वास्तू बघतानासुद्धा हे मनातून जात नव्हतं.

आता फोटोची अडचण अशी की गोल खोलीत ट्रायपॉड लावायची खरी जागा म्हणजे मध्य, आणि तिथेच नेमका खांब. त्यात कबुतरं अजूनही तिथे राहतात, अंडी-पिल्लांचे दिवस, म्हणून फ्लॅश मी बॅगेतून काढलाच नाही. शेवटी ट्रायपॉड भिंतीला टेकवून अगदी खाली बसवला, चौदा एमएमची लेन्स, एफ आठ, आयएसओ शंभर, आणि एक्स्पोजर तीस सेकंद, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं, कारण उजेड काय तो छपराच्या टोकाच्या झरोक्यातून येणारा. मग वाट बघत बसलो, उजेडाचा तुकडा भिंतीवरून इतका हळू सरकतो की बघता बघता कळत नाही, पाच मिनिटांनी बघितलं की पुढच्या कोनाड्यात गेलेला असतो.

तीस सेकंदांत चार-पाच कबुतरं तरी आतबाहेर करायची, पण फोटोत एकही नाही, उडणारं सगळं पुसलं गेलेलं. स्क्रीनवर झूम करून कोनाडे तपासत होतो आणि डाव्या हाताला, खालून तिसऱ्या ओळीत, एक कबुतर लख्ख आलेलं. डोळा, चोच, छातीवरची पिसं, कडा जराही हललेली नाही. खाली काडक्या आणि पिसांच्या कडेला अंड्याचा पांढरा कोपरा.

आईला तो फोटो लगेच पाठवला. तिचा फोन आला, "अरे ही तर आपल्या आजोळची ढाबळ, फक्त दगडाची. अंड्यावर बसलेलं असेल तर लांब हो बरं तू."

मी ट्रायपॉड दारापर्यंत मागे घेतला आणि तिथून पुन्हा शटर दाबलं. तीस सेकंद. ते तसंच बसलेलं होतं.