शोकेस काळी एकला गुणगुणतं: स्पीकरखालच्या पायांची नोंद

हॉलमध्ये स्टँडला जागा उरली नाही म्हणून दोन्ही बुकशेल्फ स्पीकर प्लायवूडच्या शोकेसवर चढवले. एकेक 7 किलोचा. तेव्हापासून तानपुऱ्याला शोकेसची साथ. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा, म्हणजे साधारण 139 हर्ट्झ, लागला रे लागला की काचेची दारं थरथरतात आणि आतला तांब्याचा गडू किणकिणतो. काळी चारला मात्र चिडीचूप.

पहिला प्रयोग वॉशिंग मशीनखाली घालतात त्या रबरी पॅडचा. फसला. पॅड जेमतेम पाव मिलिमीटर दबले, आणि मेख तिथेच आहे. पाय हाताला मऊ लागून उपयोग नाही, त्या वजनाखाली तो दबला पाहिजे. किती मिलिमीटर दबला ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा, 15.8 ला त्याने भागा: पायांवर डोलणाऱ्या स्पीकरची वारंवारिता मिळते. सुराची वारंवारिता तिच्या 1.4 पटीच्या वर गेली की कंप अडायला लागतो, तिच्या आसपास तो उलट वाढतो. माझ्या पॅडचं उत्तर आलं 32 हर्ट्झ. त्यात रबर कंप पावताना आणखी ताठ वागतं, म्हणजे प्रत्यक्षात याहून वरच. डग्गा आणखी फुगल्यासारखा वाटला तो यामुळेच असावा.

मग स्क्वॉशचे बॉल आणले, एका स्पीकरखाली चार. पीव्हीसी पाइपच्या चकत्या कापून त्यात बसवले, नाहीतर घरंगळतात. पहिल्यांदा स्पीकर पुढे कलला, कारण वूफरचं (खर्जाच्या मोठ्या भोंग्याचं) चुंबक पुढच्या बाजूला. शेवटी स्वयंपाकघरातलं लाटणं आणलं, स्पीकर त्यावर आडवा तोलला (आईच्या चेहऱ्याकडे न बघता) आणि तोल जिथे सापडला तिथे खडूने रेघ मारली. मध्यापासून चांगली 2 सेंटिमीटर पुढे! रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बॉल ठेवल्यावर चारही 5 मिलिमीटर दबले. हिशेबाने 7 हर्ट्झ.

फोन शोकेसवर ठेवला, 139 हर्ट्झचा सूर वाजवला आणि फायफॉक्स या फोनच्या सेन्सरने मोजणाऱ्या ॲपवर शोकेसचा कंप मोजला. आधी 0.21 मीटर प्रति सेकंद वर्ग, आता 0.04. गडू गप्प. मंद्रातल्या ताना मोकळ्या ऐकू येतात, हे मी मोजमापाशिवायही सांगितलं असतं.

तारसप्तकही उजळलं असं दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो. नंतर शंका आली. बॉलमुळे ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा भोंगा) साडेतीन सेंटिमीटर वर गेला होता, थेट कानाच्या रेषेत. तेवढ्याच उंचीचे सागवानी ठोकळे कापले. मी आत जाऊन बसायचो, मुलगी बॉल किंवा ठोकळे लावायची आणि खाली काय आहे ते मी नुसतं ऐकून ओळखायचो. मंद्र सप्तकात दहापैकी नऊ वेळा बरोबर, तारसप्तकात पाच. म्हणजे ती चमक फुकटच्या उंचीची होती.

हेच बॉल बेडरूममधल्या जड लोखंडी स्टँडखाली, फरशीवर लावून पाहिले. काडीचा फरक नाही. स्लॅब आणि फरशी शोकेससारखी गात नाही, तिथे पैसे घालवू नका.

खालच्या काकूंची तक्रार आहे तशीच आहे. त्यांच्याकडे पोचतो तो खर्ज मुख्यतः हवेतून स्लॅबवर आदळलेला, त्याला पाय काय करणार? रात्री दहानंतर हेडफोन.