ओसरीच्या सारवणावर गेरू-चुन्याची किनार : आतापर्यंतचे काम

पोळा झाला असून महालक्ष्म्या बसण्यापूर्वी ओसरीची किनार पुरी करावयाची आहे. जमीन तयार आहे, गेरूचा पट्टा ओढून झाला आहे आणि चुन्याच्या वेलीचा पहिला हात दोन बाजूंना बसला आहे. या दमट दिवसांत सारवण लवकर वाळलेले बरे, चुना मात्र सावकाश वाळलेला बरा. या दोहोंचा मेळ घालणे हेच या कामातले खरे कसब आहे, असे माझे मत झाले आहे.

आमच्या भागात काळी माती मुबलक असली तरी ती ओलीने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, म्हणून खाली मुरूम चोपून वर पांढरी माती, शेण आणि चाळलेले गव्हाचे कुटार यांचा काला दिला. हाताने सारवताना उमटणारी अर्धवर्तुळे मला फार आवडतात. पण किनारीच्या वीतभर जागेत त्यांचे बारीक उंचवटे काडीला अडवतात आणि रेघ तुटते. तेवढ्या जागेत शेवटचा हात पिळून घेतलेल्या पोतेऱ्याने, भिंतीला समांतर, एकाच दिशेने फिरवला.

गेरू रात्रभर भिजवून ढवळला, कच तळाशी बसताच वरचे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले आणि त्यातून खाली बसलेला लोण्यासारखा गाळ तेवढा बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवला. सुतारासारखे सूत मारून दोन्ही कडा आखल्या आणि मधला पट्टा पळसाच्या मुळीच्या कुंच्याने भरला.

चुन्याचे काम सर्वांत नाजूक आहे. विरवून, वस्त्रगाळ करून तो दुधाइतका पातळ ठेवावा लागतो आणि ओला असताना रेघ इतकी फिकट, पारदर्शक दिसते की लगेच दुसरा हात देण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पांढरेपणा वाळल्यावरच येतो आणि जाड थराचे पोपडे सुटतात. चुना केवळ वाळून घट्ट होत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते. उन्हाळ्यात भाजलेल्या जमिनीवर तोच चुना भुकटी होऊन पायाला लागतो. म्हणून जमीन पुरती वाळू देऊन, रेघ ओढण्याच्या थोडे आधी तेवढ्याच भागावर ओले फडके फिरवतो. वेलीची वळणे शिंदीच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचलीने काढली. कापसाचा बोळा पाणी एकदम सोडतो आणि पानांची टोके पसरतात.

फुलांच्या मध्यभागी पिवळा रंग हवा आहे. हळद घेण्याचा विचार सोडला, कारण चुन्याशी गाठ पडताच ती लाल होते आणि पुढे उन्हाने विटते. पिवडी मातीचाच रंग असल्याने चुन्यात टिकते, गेरूचेही तसेच आहे.

उरलेल्या दोन बाजूंची वेल झाली की सर्वत्र दुसरा पातळ हात द्यावयाचा आहे. दारापासून महालक्ष्म्यांच्या जागेपर्यंतची पावले सर्वांत शेवटी उमटतील. ती मुठीने आणि बोटांच्या टोकांनी काढायची असल्यामुळे आणि चुना कातडीला चावत असल्यामुळे त्यांच्यासाठी तांदळाचे पीठ भिजवणार आहे.