डोक्यावरचा टीव्ही

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर आणि स्वातंत्र्य, असं विकणारे सांगतात. फिनिक्सच्या उपनगरात राहणाऱ्याला त्या स्वातंत्र्याआधी सोसायटीचे नियम भेटतात. आमच्याकडे ही गाडी घरासमोर फक्त सामान चढवण्या-उतरवण्यापुरती उभी करायची. रेंगाळली की पत्र आलंच. एरवी ती गावाबाहेर भाड्याच्या यार्डात पडून असते, जिथे ना वीज ना सावली. त्यामुळे गाडीचं कुठलंही काम काढायचं तर प्रवासालाच निघावं लागतं. लोक देश बघायला जातात, आम्ही दुरुस्त्या करायला जातो. या जानेवारीत टीव्ही बदलायला क्वार्टझसाइटला गेलो.

गाडी २००१ सालची, आम्ही जुनीच घेतलेली. त्या काळच्या मोठ्या मोटरहोममध्ये टीव्ही समोरच्या काचेच्या वर, दोन सीटांच्या मधोमध, लाकडी कपाटात बसवलेला असे. आमचा २७ इंची, पिक्चर ट्यूबवाला, चाळीसेक किलोचा. त्याचा खालचा कोपरा असा पुढे आलेला की शेजारच्या सीटवरून उठताना कपाळाला लागणार म्हणजे लागणार. गाडी नवरा चालवतो, त्यामुळे टेंगूळ कायम माझं. त्याने जोरात ब्रेक मारला की माझे डोळे रस्त्यावर नसत, वर टीव्ही धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांवर असत. आणि एवढं करून दिसायचं काय? अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं. तेव्हा सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी ४० डॉलरची कूपनं वाटली होती. आधीच्या मालकाने तो बॉक्स घेऊन कपाटात चिकटवला होता, पण आमच्या हाती गाडी आली तोवर तोही मुका झालेला.

क्वार्टझसाइट आमच्यापासून आय-१० महामार्गाने पश्चिमेला दोन तासांवर. गाव केवढं, तर २०२० च्या जनगणनेत २,४१३ माणसं. पण हिवाळ्यात उत्तरेकडची राज्यं आणि कॅनडा इथून थंडीला कंटाळलेले पेन्शनर येतात आणि आजूबाजूच्या सरकारी वाळवंटात नजर जाईल तिथवर गाड्या उभ्या राहतात. काही ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. सबंध मोसम काढायचा तर वेगळी जागा आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, पैसे भरून. गाडीपाशी नळ नाही, वीज नाही, आखलेली जागा नाही. गावच्या दफनभूमीत एका उंटवाल्याची कबर आहे, दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला हा माणूस १९०२ मध्ये इथेच वारला. नाव हाजी अली! इथले लोक 'हाय जॉली' म्हणतात. मुंबईत वाढलेल्या माणसाला कबरीपुढे उभं राहून हसू आवरणं कठीण जातं.

'एवढ्या निसर्गात जाऊन टीव्ही कशाला?' हा प्रश्न मला पुण्या-मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालाय. त्यांनी जानेवारीतली एक रात्र इथे काढावी. सहाच्या आत सूर्य जातो. सात वाजता बाहेर शेकोटीशी बसायचं तर अंगावर तीन थर लागतात, आणि आठला शेकोटीवालेही आत पळतात. तारे सुंदर असतात, मान्य. तारे किती वेळ बघणार? नऊच्या आत झोपलं तर पहाटे तीनला टक्क जाग. निसर्ग दिवसा असतो. रात्री असते ती तीस फुटांची खोली आणि नवरा.

काम सुरू करायला गेलो आणि पहिल्या स्क्रूलाच अडलो. नवऱ्याने घरून हत्यारांची अख्खी पेटी आणलेली, पण सगळे स्टार स्क्रूड्रायव्हर. कपाटाचे स्क्रू चौकोनी खाचेचे. तो गाडी बनवणाऱ्यांच्या नावाने शिव्या देत असताना शेजारच्या गाडीतले आजोबा दारात येऊन उभे राहिले. सस्कॅचवानचे, पंच्याहत्तरीपुढचे, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. स्क्रूकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. हा रॉबर्टसन स्क्रू, म्हणाले, आमच्या कॅनडाचा, १९०८ पासूनचा! आणि लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले तो जणू तिरंगाच फडकवत. त्या क्षणापासून काम त्यांचं झालं, नवरा मदतनीस आणि मी बॅटरी धरणारी.

कपाटाची चौकट निघाल्यावर आत जे दिसलं ते मी बराच वेळ बघत बसले. मागे वायरींचं जंजाळ, एक जुनी बटणांची स्विचपेटी, आणि प्रत्येक वायरीला पिवळी पडलेली कागदी चिकटपट्टी. त्यावर निळ्या बॉलपेनने, सुरेख तिरक्या अक्षरात: 'छतावरचा अँटेना', 'व्हीसीआर', 'बेडरूम', आणि एका वायरीवर 'ही कशाची ते बॉबला विचार'. कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बियांची सालं, मेलेली गांधीलमाशी आणि रिमोटचं झाकण. आम्ही गाडी घेतली ती दलालाकडून, आधीच्या माणसांना कधी भेटलो नाही. अक्षर बाईचंच असावं. ती बाई अशी भेटली. त्या वायरीचं दुसरं टोक मात्र आजतागायत सापडलेलं नाही. बॉबलाही ठाऊक असेल असं वाटत नाही.

ट्यूबवाल्या टीव्हीचं सगळं वजन पुढच्या जाड काचेत असतं. मागून धरलं की तो तोंडावर कलंडतो. आजोबांनी आधी बजावलं, मागचं झाकण उघडायचं नाही, बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही वीज साठून राहते. मग दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या कव्हरवर आमच्या पलंगाची गादी टाकली, वर त्यांच्या बायकोचं इस्त्रीचं टेबल आडवं. पट्ट्यांचे बोल्ट सुटले तशी गाडीतली तिघंही माणसं बोलायची थांबली. टीव्ही इंचाइंचाने पुढे आला, मग एकदम आला. नवऱ्याने तो छातीवर झेलला आणि गादीवर बसला, टीव्ही मांडीत. आजोबा म्हणाले, 'छान!' नवऱ्याला छान म्हणायला बराच वेळ लागला.

नवा ३२ इंची आणला होता, घरात लावतात तो साधाच. बारा व्होल्टवर चालणारे, खास गाड्यांसाठीचे टीव्ही मिळतात, पण किमती बघून मी दुकानातच नाही म्हटलं. इन्व्हर्टर आहे की गाडीला. मजा अशी की जुना २७ चा आणि नवा ३२ चा, तरी बाहेरून मोजले तर रुंदीला जवळपास सारखे. जुना पडदा रुंदी-उंचीला चारास तीन आणि भोवती जाडजूड खोकं, नवा सोळास नऊ आणि चौकट नावापुरती. म्हणजे रुंदी भरते आणि उंचीला बोंब. खाली वीतभर भगदाड राहिलं. आजोबांकडच्या प्लायवूडच्या तुकड्यातून फळी कापली, तिला टीव्ही मागच्या चार भोकांतून जोडला आणि फळी वरच्या बाजूला बिजागऱ्यांवर टांगली. आता टीव्ही दारासारखा वर उचलला जातो आणि मागे ट्यूबची सगळी खोल जागा मोकळी. वीज वाचली वगैरे ठीक आहे, या सबंध उद्योगातली खरी कमाई ती जागा. पोहे, साबुदाणा, चटण्यांच्या बरण्या, आणि माझा प्रेशर कुकरही मावतो.

एवढं करून टीव्ही लागेना. इन्व्हर्टर बॅटरी उतरल्याची पिपाणी वाजवत होता म्हणून नवऱ्याने इंजिन सुरू ठेवलेलं. प्लग तपासले, फ्यूज तपासला, दुकानदाराचा उद्धार झाला. शेवटी आजी, ज्या इतका वेळ दारात बटर टार्टची ताटली घेऊन उभ्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, किल्ली बंद करा. ड्रायव्हरने चालवता चालवता टीव्ही बघू नये म्हणून इंजिन चालू असताना समोरच्या टीव्हीची वीज तोडायची सोय बऱ्याच गाड्यांत असते. किल्ली फिरवली, टीव्ही लागला.

संध्याकाळी दोघांना जेवायला बोलावलं. गर्दीमुळे फोनचं इंटरनेट गोगलगायीच्या गतीने चाललेलं, म्हणून पेन ड्राइव्हवर होतं ते लावलं: लेकाच्या मुंजीची कॅसेट, १९९८, ठाणे. जुन्या चौकोनी पडद्यासाठी काढलेलं ते चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. नवऱ्याला पट्टे सहन होईनात. एवढा पडदा आणला तो काळं बघायला? त्याने चित्र ताणून पडदाभर केलं. झालं, माझं सगळं माहेर आडवं पसरलं. माझी काटकुळी आत्या चांगली गरगरीत होऊन अक्षता टाकायला लागली. मी रिमोट मागत राहिले, तो देईना. आजींना काहीच खटकलं नाही. मुलाचं डोकं का भादरलं, आईच्या ताटात का जेवतोय, तो रडतोय का, एकेक प्रश्न. आईच्या ताटातलं हे शेवटचं जेवण, असं सांगितल्यावर त्यांनी वडा खाली ठेवला आणि माझ्या लेकाचा फोन नंबर विचारला, त्याने मला शेवटचा फोन कधी केला ते त्यालाच विचारायला! आजोबांनी वड्यांवर टोमॅटो केचप ओतलं. अशा माणसाला सगळं माफ असतं.

या मंडळींनी आम्हाला हत्यारं दिली, फळी दिली, एक अख्खा दिवस दिला. जुना टीव्ही मात्र कोणी घेईना. 'फुकट, चालू स्थितीत' असा कागद लावून तो रस्त्याकडेला ठेवला, तसा इथला रिवाजच आहे. सकाळी टीव्ही जागेवर, आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी स्वतःचा व्हीसीआर आणून ठेवलेला. पुढे युमा झालं, नदीकाठ झाला, खजुराचं मिल्कशेक प्यायलो, आणि ते दोन्ही डबे जेवणाच्या टेबलाशी पट्ट्याने बांधून आमच्याबरोबर फिरले. जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात गेलो तर बाईने गाडीतून उतरवूही दिला नाही, दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, म्हणून कचऱ्यातही टाकायचा नाही. आमच्या चाळीत टीव्ही आला तेव्हा त्याला हार घातला होता आणि रविवारी मजलाभर माणसं आमच्या खोलीत मावत होती. इथे तीस डॉलर मोजून तो एका माणसाच्या हवाली करावा लागला, आणि व्हीसीआरचे वेगळे. त्या माणसाने पावती फाडली. 'उत्तम चालतो हं,' असं नवऱ्याने त्याला दोनदा सांगितलं.

मागच्या बेडरूममध्ये, पलंगाच्या पायथ्याशी, अजून एक १३ इंची आहे. त्याचेही स्क्रू चौकोनी आहेत. हा विषय मी घरात अजून काढलेला नाही.