सीपीयू निवांत, ॲप्लिकेशन ठप्प

महिनाअखेर आली की आमचं कर्जवसुलीचं ॲप्लिकेशन मान टाकायचं. पावती सेव्ह करायला जावं तर अर्धा मिनिट चक्र फिरतंय, मग एरर. मीटिंगमध्ये उपाय ठरलेला: रॅम वाढवा. पण ग्राफवर सीपीयू निवांत, गार्बेज कलेक्शनही (नको असलेली मेमरी मोकळी करणं) ठीकठाक. मग रॅम कशाला?

ऐन गर्दीत जेस्टॅक या जावाच्या टूलने थोड्या थोड्या अंतराने थ्रेड डंप घेतले, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे थांबलाय याची नोंद. (महागडं मॉनिटरिंग टूल मागवण्याआधी हे करून बघावं, फुकट आहे.) टॉमकॅट या वेब सर्व्हरचे थ्रेड डीफॉल्टने 200 पर्यंत जातात. त्यातले बहुतेक एकाच ठिकाणी अडकलेले, हिकारी पूलकडे (डेटाबेसची तयार कनेक्शन सांभाळणारा साठा) कनेक्शन मागत. पूलमध्ये डीफॉल्ट कनेक्शन 10 आणि ताटकळण्याची मर्यादा 30 सेकंद. अर्ध्या मिनिटाचा उलगडा झाला.

"पूल 50 करून टाकू," टीममधून लगेच सूचना. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मॅडमनी विचारलं, "पॉड किती तुमचे? चार ना? म्हणजे 200. माझ्या पोस्टग्रेस डेटाबेसची मर्यादा 100 कनेक्शनची आहे." (पॉड म्हणजे ॲप्लिकेशनची एकेक चालू प्रत, प्रत्येकीचा पूल वेगळा.) विषय तिथेच मिटला.

मग कनेक्शन धरून बसलेले थ्रेड तपासले. ते डेटाबेसचं काम करतच नव्हते, बाहेरच्या एसएमएस गेटवेच्या उत्तरासाठी थांबले होते. पावतीची नोंद आणि एसएमएस, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा कामांचा गठ्ठा). गेटवेने 2 सेकंद लावले की तेवढा वेळ कनेक्शनही अडकलं. 10 कनेक्शन, प्रत्येकी 2 सेकंद, म्हणजे एका पॉडमधून सेकंदाला जेमतेम 5 पावत्या. रॅम कितीही ओतली तरी हा आकडा हलणार नव्हता.

आता पावतीसोबत एसएमएसची नोंद एका टेबलात पडते आणि वेगळा जॉब ती उचलून पाठवतो. सर्व्हर मध्येच पडला तरी एसएमएस हरवत नाही.

खरा वेळ गेला तो पुढच्या कामात. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये ओपन-इन-व्ह्यू (रिक्वेस्ट संपेपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणं) मुळातच चालू असतं, त्यामुळे एकदा घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही. ते बंद केलं आणि निम्म्या स्क्रीनवर लेझी लोडिंगचे (डेटा गरज पडेल तेव्हाच आणण्याचे) एक्सेप्शन फुटले. टेस्टिंगवाल्यांनी बोलणंच सोडलं होतं. पण त्यातूनच कळलं की वसुलीच्या यादीत 100 कर्जं दाखवायला 101 क्वेरी जात होत्या, यादीची एक आणि प्रत्येक कर्जदारासाठी एक वेगळी. जॉइन फेचने (कर्ज आणि कर्जदार एकत्रच आणून) ते काम एका क्वेरीत बसलं.

पूल अजून 10चाच आहे आणि पुरतोय. एक्सेल रिपोर्ट मात्र अजून रडतखडत निघतो. तो सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढतो, ते दुखणं निराळं. पुढच्या रिलीजला बघू.