कुऱ्हाड, चेनसॉ आणि प्रथमोपचार : आमची वाटचाल

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या वर, धडगाव आणि तोरणमाळच्या बाजूला कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, उघडला की तोड सुरू व्हायच्या आधी आमची माणसं तिथे पोहोचतात. जंगल कामगार सोसायटीच्या चेअरमनपासून चहा करणाऱ्या पोरापर्यंत सगळे एका झाडाखाली बसतात, कुऱ्हाडी आणि चेनसॉ बाजूला ठेवल्या जातात, आणि दोन दिवस फक्त प्रथमोपचार चालतो. आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा आमच्या भागात कुपात जाऊन असं शिकवणारं दुसरं कोणी मला तरी दिसलं नव्हतं. याचा मला अभिमान आहे.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. फौजेत प्रत्येक जवानाजवळ त्याची फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर बांधायची पट्टी, असते. तो जखमी झाला की त्याचीच ड्रेसिंग काढून त्याला बांधायची, आपली राखून ठेवायची. गावी आलो तर सागाच्या कुपात दिवसभर धारेशी काम करणाऱ्या माणसाजवळ स्वच्छ फडकंही नसायचं. जखमेत हळद भरायचे, राख भरायचे, कोणी तंबाखू दाबायचं. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेव्हा दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागायची. कुपाला असलं काही कोणी विचारत नसे, आणि कूप म्हणजे असा कारखाना की ज्याच्या दाराशी गाडी जात नाही.

एकट्याने हे झालं नसतं. आमचे पहिले भागीदार आप्पा, निवृत्त वनमजूर, पावरा आदिवासी समाजातले. माझ्याकडे फौजेतलं शिक्षण होतं, त्यांच्याकडे जंगल होतं. शिबिरात मी मराठीत बोलायचो आणि तेच आप्पा पावरीत सांगायचे, तेव्हा कुठे टोळी मान वर करून बघायला लागायची. दोन बांबू आणि एका गोधडीची झोळी कशी बांधायची की उतारावर माणूस घसरत नाही, डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं, खांदा कधी बदलायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. जिथे अजून रस्ता नाही तिथे पेशंट झोळीतच खाली येतो. २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. कुपापासून डांबरीपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. आमचा सगळा धंदा त्या वेळेचा आहे.

पहिलं काम दिलं ते एका जंगल कामगार सोसायटीच्या सेक्रेटरींनी. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो तो शहाद्यात हॉल घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या असा बेत घेऊन. नानांनी ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, हॉलमा झाड पडस का? कूपमा या." त्या दिवसापासून आम्ही हॉल घेतलेला नाही. नानांची सोसायटी दर हंगामाला आम्हाला बोलावते, आगाऊ पैसे देते आणि ज्याने शिबिर केलं नाही त्याला चेनसॉ हातात देत नाही.

कुपात शिकवायचं तर सामान कुपातलंच पाहिजे. हृदय बंद पडलं तर छाती दाबायची, त्याचा सराव करायला आम्ही दोन मॅनिकिन, म्हणजे सरावाच्या बाहुल्या, घेतल्या. पाच सेंटिमीटर दाब बसला की आत टक् असा आवाज होतो. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, तीस दाबांमागे दोन श्वास. लाकूड तोडणाऱ्यांच्या हातात जोर भरपूर असतो. त्यांना शिकवावं लागतं ते दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायला. पण खोल जखमेचा सराव मॅनिकिनवर होत नाही, त्यासाठी आम्ही केळीचा खांब वापरतो. केळी आपल्याकडे काही कमी नाही. घड काढलेला खांब आणायचा, त्यात चेनसॉनेच तिरका घाव घालायचा, घावाच्या तळाशी सलाईनची नळी सोडायची आणि बाटलीतलं लाल पाणी चालू करायचं. मग गॉज बोटाने तळापर्यंत ठासत जायचं, पाणी जिथून येतं ती जागा सापडेपर्यंत. वरून दोन्ही हातांनी दहा मिनिटं दाब, मध्ये उचलून बघायचं नाही. केळीचा खांब ओला असतो, थर थर असतो, बोट घसरतं. परदेशी रबरी मांडीपेक्षा तो मला जास्त खरा वाटतो, आणि घाबरलेला माणूस इथे एकदा घाबरून घेतो.

नंतरची बरीच वर्षं चांगली गेली. सोसायट्या वाढल्या, फायर सीझनला जाळरेषेवरचे (आग पसरू नये म्हणून साफ करतात त्या पट्ट्यावरचे) आणि वणव्यावरचे हंगामी मजूर आले, तेंदूपानवाले आले, पपईच्या बागांचे ठेके घेणारे आले.

मग एका मोठ्या शहरातली संस्था आमच्या भागात उतरली. नाव लिहीत नाही. त्यांची पद्धत अशी: सगळ्यांना तालुक्याला बोलवायचं, पडद्यावर दोन तास व्हिडिओ दाखवायचा, जेवण द्यायचं, चकचकीत प्रमाणपत्र हातात ठेवायचं. दर आमच्या निम्म्याहून कमी. दोन दिवस माणसं, मॅनिकिन, पट्ट्या घेऊन डोंगरावर जाणाऱ्याला तो दर परवडूच शकत नाही. तरी स्पर्धेची मला तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

त्यांनी एका कार्यालयात लेखी दिलं की आम्ही मजुरांना हातापायाला आवळपट्टी बांधायला शिकवतो आणि सर्पदंशाच्या सरकारी मार्गदर्शनात तर ती मनाई आहे, म्हणून आमचं प्रशिक्षण जिवाला धोकादायक आहे. अर्धं खरं सांगून माणूस धंद्यातून कसा उठवायचा ते मी तेव्हा पाहिलं.

साप चावल्यावर बांधायचं नाही, हे आम्ही पहिल्या शिबिरापासून शिकवत आलो. केंद्राच्या २००९ च्या सर्पदंश प्रोटोकॉलमध्ये ते स्पष्ट आहे. घोणस आणि फुरशाच्या विषाने चावल्या जागचं मांस सडतं, वरून आवळलं की ते विष तिथेच कोंडतं आणि पाय जातो. नाग आणि मण्यारचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं, तिथे पट्टीच्या भरवशावर बसलेला माणूस दवाखान्यापर्यंतचा वेळ घालवतो. आवळलेली पट्टी एकदम सोडली की विष एका दमात अंगभर जातं, ते वेगळंच. चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, भगताकडे थांबायचं नाही. धीर द्यायचा, चावलेला अवयव खपच्या लावून हाड मोडल्यासारखा स्थिर करायचा, चालू द्यायचं नाही. हातातलं कडं, अंगठी, पायातली चांदी सूज यायच्या आत काढायची. आमच्या पावरा बायांच्या पायातली चांदी जड असते, सुजल्यावर ती कापावी लागते. आणि प्रतिसर्पविष जिथे आहे तिथे न्यायचं.

चेनसॉने मांडी फाटली आणि रक्त उसळून यायला लागलं तर गोष्ट उलटी आहे. तिथे दाबून थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून आवळायची पट्टी, बांधलंच पाहिजे. जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटर, सांध्यावर नाही, दांडी पिळत जायची ती रक्त थांबेपर्यंत. माणूस ओरडतो, ओरडू द्यायचं. वेळ लिहायची. मध्ये सैल करायचं नाही, ते काम डॉक्टरचं. मोठी शीर तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. पट्टी तीच, एका ठिकाणी पाय घालवते, दुसऱ्या ठिकाणी जीव राखते. हा फरक पडद्यावर दाखवून कळत नाही, हाताला लावावा लागतो. आमच्या शिबिराचा दुसरा दिवस त्यासाठीच असतो.

प्रोटोकॉलची पानं जोडून मी लेखी खुलासा दिला. येऊन एक शिबिर बघा अशी विनंती केली. कोणी आलं नाही. चालू कामं थांबवली गेली, झालेल्या शिबिरांची बिलं फाईलला लागून राहिली, आणि ती फाईल बघून इतरांनीही हात काढले. गाडी विकली. मॅनिकिन विकल्या नाहीत. आप्पांनी त्या काळात आपला वाटा घेतला नाही, आणि मी विषय काढला की उठून जायचे. नानांच्या सोसायटीने मात्र ठरल्याप्रमाणे बोलावलं आणि गाडी नाही म्हणून सामान न्यायला ट्रॅक्टर पाठवला.

त्याच हंगामात नानांच्या कुपात अपघात झाला. पडलेल्या सागाची फांदी छाटून झाली आणि चेन थांबायच्या आत चेनसॉचा बार, म्हणजे चेन फिरते ते पातं, एका तरुणाच्या मांडीला लागला. त्याच्या जोडीदाराने केळीच्या खांबावर जे केलं होतं तेच केलं. गुडघा छातीखाली घेऊन जखमेवर दाब दिला, दुसऱ्याने टूर्निकेट बांधलं. जाड मांडीला एकाने रक्त थांबेना म्हणून त्याच्या वर लगेच दुसरं. ठोकळ्यांवर नंबर टाकायच्या खडूने कपाळावर वेळ लिहिली. झोळी आप्पांनी शिकवली तशीच बांधली. दोन तासांच्या आत तो डॉक्टरांच्या हातात होता. पाय राहिला. आज तो तोडीला नाही, लाकडाच्या डेपोवर आहे, पण स्वतःच्या पायावर उभा आहे.

मी ही हकीकतही त्या फाईलला जोडली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. ती संस्था पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आमची बिलं पुढे तुकड्या-तुकड्यांनी निघाली, पण आमचं शिकवणं बरोबर होतं असं एका ओळीचं पत्र मला अजून कोणी दिलेलं नाही. मी अर्ज करणं सोडलेलं नाही.

या धंद्यात नवीन उतरणाऱ्या पोरांना सांगतो, विचारलं नाही तरी. मोबाईलवर स्वस्तात मिळणारं टूर्निकेट घेऊ नका. त्याची दांडी प्लॅस्टिकची असते आणि पूर्ण पीळ बसायच्या आत वाकते नाहीतर तुटते. घेतल्यावर एक स्वतःच्या मांडीवर पिळून बघा, ते सरावासाठी वेगळं ठेवा, पुन्हा पेटीत घालू नका. चिकटपट्ट्यांनी भरलेली पेटी शोभेची. त्या जागी गॉजचे रोल आणि त्रिकोणी पट्ट्या भरा. पेटी सुपरवायझरच्या झोपडीत नको, चेनसॉ जिथे चालते तिथे, आणि एक टूर्निकेट चालवणाऱ्याच्या कमरेला. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून सरळ पळायला सांगा, पाण्यात बुडी मारायला नाही, माश्या वर घिरट्या घालत बसतात. कोल्हा, कुत्रा, बिबट्या, कोणीही चावलं की पंधरा मिनिटं साबण आणि पाणी, मग दवाखाना. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, गार करत करतच न्या.

आप्पा आता नाहीत. पावरीत शिकवायचं काम त्यांची सून करते. ती आशा कार्यकर्ती आहे आणि बायांच्या टोळ्या तिच्याशिवाय आम्हाला बोलावत नाहीत. यंदा ऊसतोडीच्या टोळ्यांसाठीही शिबिरं घेतोय, कारण उसात आता बिबट्याही आहे आणि घोणसही. तारखा दिवाळीनंतरच्या आहेत. सोसायट्यांनी चेनसॉ चालवणारे सगळे पाठवावेत, मुकादमासकट. केळीचे खांब आम्ही आणू.